साडूच्या मशीनची कसोटी

कॉम्प्युटर बांधून विकण्याचा धंदा मी तंजावुरात सव्वीस वर्षं केला, आणि त्यातली बावीस वर्षं माझ्याइतकं कडक टेस्टिंग या गावात कुणी करत नव्हतं. तेविसाव्या वर्षी माझा साडू सेतुमाधव चेन्नईची नोकरी सोडून आला आणि माझ्या दुकानापासून चार दुकानं सोडून त्याने स्वतःची पाटी लावली. हा लेख टेस्टिंगवर आहे असं मी दिवाळी अंकाच्या संपादकांना कळवलं आहे. तो बराचसा सेतूवर आहे, हे त्यांना वाचताना कळेलच.

आधी धंदा समजावून सांगतो. कॉम्प्युटर बांधायचा म्हणजे प्रोसेसर एका कंपनीचा, मेमरी दुसऱ्या, ग्राफिक्स कार्ड तिसऱ्या आणि वीज पुरवणारा डबा चौथ्या कंपनीचा. हे चौघे आयुष्यात एकमेकांना भेटलेले नसतात. त्यांना एका पेटीत कोंबायचं आणि बटण दाबायचं. पडदा उजळला की गिऱ्हाईक खूश होतं, पण पडदा उजळण्याला काही अर्थ नाही. बैल विकत घेताना शेतकरी त्याला रिकामा पळवून बघत नाही, भरली गाडी जोडून चढावर नेतो. आमच्या धंद्यात चढाचं काम सॉफ्टवेअर करतं.

अशी सॉफ्टवेअरं पुष्कळ आहेत आणि बहुतेक फुकट मिळतात. एक प्रोसेसरला अवाढव्य मूळ संख्या शोधायला बसवतं. उत्तर त्याला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे मशीनने एक आकडा जरी चुकवला तरी ते लाल ओळ दाखवून थांबतं. एक पडद्यावर केसाळ कडं गरगर फिरवत ठेवतं, त्यात ग्राफिक्स कार्ड दोशाच्या तव्यासारखं तापतं. मेमरीचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून चालतं, मेमरीच्या घराघरात काही लिहितं आणि तेच परत वाचून बघतं. त्याला अर्धा दिवस लागतो. आणि एक असं आहे की प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांनाही एकदम पिळून काढतं. प्रत्यक्षात कुठलंही काम मशीनला इतकं राबवत नाही.

खरी अक्कल लागते ती कुणाला कुठली कसोटी लावायची हे ठरवायला. मी ती कधी वापरली नाही. मी सगळ्यांना सगळ्या लावत असे, वर पेटीवर स्टिकर डकवत असे, ‘चोवीस तास तपासलेलं’. दुकानाच्या आतल्या खोलीत एसी होता. तिथे पेटीची बाजूची झडप काढून मशीनं टेबलावर मांडायची आणि एकेक चालू ठेवायचं. लोक येऊन कौतुकाने बघायचे, मीही बघायचो.

तरी काही गोष्टी कुठल्याच सॉफ्टवेअरला कळत नाहीत, हे एका कचेरीने मला शिकवलं. तिथल्या हेडक्लार्क बाईंचं मशीन दरवर्षी आयुधपूजा झाली की दोन-तीन दिवसांत बंद पडायचं. आयुधपूजेला आमच्याकडे सगळी हत्यारं, वाहनं, यंत्रं पुसून त्यांना गंध-कुंकू लावतात आणि त्या दिवशी त्यांना हात लावत नाहीत. मी मशीन दुकानात आणायचो, पुसायचो, चोवीस तास चालवायचो. सगळं पास. तिसऱ्या वर्षी पेटीत डोकं घातलं तर चंदनाचा वास आला. बाई इतक्या भाविक की बाहेर तीन ठिकाणी गंध लावून त्यांचं समाधान होत नव्हतं. मागच्या जाळीतून बोट घालून त्या पंख्यालाही चंदनाचा चांगला गोळा लावायच्या. तो वाळला की पंखा अडायचा आणि मी पुसून काढला की फिरायचा. मी त्यांना म्हटलं, ‘‘अम्मा, आतल्या देवाला बाहेरूनच नमस्कार करा.’’ त्या रागावल्या, पण मशीन मात्र पुन्हा बंद पडलं नाही.

आता सेतू. माझी बायको राधा थोरली आणि तिची धाकटी बहीण चंद्रा, ती सेतूची बायको. तंजावरच्या आम्हा मराठी लोकांची घरं मोजकीच, त्यामुळे एका घरच्या दोन जावयांची तुलना सगळं गाव करतं. चेन्नईला सेतू एका कंपनीच्या लॅबमध्ये होता आणि मशीन बंद पाडायचा पगार घेत होता. तो आला तेव्हा मीच त्याला दुकानाची जागा शोधून दिली. माझ्यासारख्या अनुभवी माणसाच्या सावलीत तो दोन पैसे मिळवील, असं मी ओरत्तनाडूला सासूबाईंसमोर म्हणालोही होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिली ठिणगी सासूबाईंच्याच घरी पडली. अमेरिकेतल्या मुलाशी बोलता यावं म्हणून मी त्यांना एक कॉम्प्युटर बांधून दिला होता. तो अधूनमधून गोठायचा. मी दोनदा दुकानात नेऊन सगळ्या कसोट्या लावल्या, दोन्ही वेळा पास. मी सासूबाईंना समजावलं की तुमच्याकडून काहीतरी वेडंवाकडं दाबलं जातं. त्या म्हणाल्या, ‘‘मी काही दाबतच नाही हो, नुस्ती समोर बसतें.’’ मी हसलो. नाचता येईना अंगण वाकडं, असंही मनात म्हणालो.

पुढच्या रविवारी सेतू तिथे गेला. त्याने मशीन सुरू केलं आणि समोर खुर्ची टाकून बसला. कुठलंही सॉफ्टवेअर लावलं नाही, काही नाही. डवऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, कॉफी ओतून पीत राहिला. तासाभराने मशीन गोठलं. तो मला म्हणाला, ‘‘भावजी, हे थंड राहावं म्हणून तुम्ही प्रोसेसरचा व्होल्टेज उतरवलांत की नाही? काम करताना पुरतो तो. रिकामं बसलं की व्होल्टेज आणखी उतरतो, तेव्हा पुरत नाही. अम्मा खरंच काही दाबत नव्हत्या.’’

त्याने एक आकडा बदलला. मशीन पुन्हा कधी गोठलं नाही. बावीस वर्षांत मशीनला न राबवता तपासायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि ते आलं याच्या डोक्यात, तेही सासूबाईंच्या ओसरीवर, सगळ्यांच्या देखत. त्या दिवसापासून त्या घरी काही बिघडलं, अगदी मिक्सर बिघडला, तरी ‘‘सेतू येऊं दे’’ सुरू झालं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. राधाला मी म्हणायचो की लोकांना नवलाई हवी असते. ती मान हलवायची, पण तिची मान नुसती हलत होती हे मला कळायचं.

हळूहळू माझी गिऱ्हाइकं चार दुकानं पुढे जाऊ लागली. मी गल्ल्यावर बसून कोण थांबतं आणि कोण पुढे जातं ते बघायचो. सेतूकडे ना एसी, ना स्टिकर. गिऱ्हाइकाला तो आधी पाव तास नुसते प्रश्न विचारायचा: काय काम करता, मशीन कुठे ठेवणार, खिडकी कुठल्या बाजूला, दुपारी खोलीत पंखा असतो का. मशीन तयार झालं की स्कूटरवर पुढ्यात घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जायचा आणि तिथेच, त्यांच्याच कामावर, भर दुपारी तपासायचा. मला ते सगळं नाटक वाटायचं. खरं सांगायचं तर मला ते सुचलं नाही म्हणून नाटक वाटायचं.

ज्ञानशेखरन तिकडे गेला तेव्हा मात्र मला झोंबलं. तो पापनाशमचा, लग्नांचे व्हिडिओ करणारा, दहा वर्षं माझ्याकडे येणारा माणूस. मला न विचारता त्याने सेतूकडून एडिटिंगचं मशीन बांधून घेतलं. आणि आवणी या तमिळ महिन्यात, म्हणजे लग्नांचा मोसम ऐन भरात असताना, एका दुपारी तो तेच मशीन गाडीत घालून माझ्या दुकानी आला.

‘‘अण्णा,’’ तो तमिळमध्ये म्हणाला, ‘‘दोनदा काम चालू असताना धाडकन बंद पडलं. सेतू सर कुंभकोणमला गेलेत, संध्याकाळी येतील. पण माझ्या अक्काला आज उत्तर हवं आहे. तुम्ही जुने, तुम्ही तपासून लिहून द्या.’’

त्याची अक्का पापनाशमच्या एका खासगी शाळेचा कारभार बघायची. शाळेच्या लॅबसाठी तीस मशीनं घ्यायची होती आणि ती सेतूकडून घ्यायचं जवळपास ठरलं होतं. सेतूला मिळालेलं हे पहिलं मोठं काम. त्यावर त्याचं दुकान उभं राहणार की बसणार ते ठरणार होतं, हे चंद्राने राधाला सांगितलं होतं आणि राधाने मला. ज्ञानशेखरनचं मशीन नापास झालं तर अक्का ते काम देणार नव्हती.

मी मशीन आतल्या खोलीत नेलं. इथून पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मूळ संख्या लावल्या. पास, आणि तापमान माझ्या मशीनपेक्षा कमी. केसाळ कडं लावलं. पास. मेमरीची एक फेरी, पास. तारांची बांधणी पाहिली, ती तर माझ्याहून सुबक होती, आणि ते बघून मी जास्तच चिडलो. मग दोघांना एकदम पिळणारं सॉफ्टवेअर काढलं. तरी ते चालतच राहिलं. मी पेटीची झडप लावली. एसी बंद केला. मग पेटी ढकलत भिंतीला टेकवली, इतकी की मागच्या पंख्याची गरम हवा बाहेर पडायला जागा राहिली नाही. लोक ठेवतातच की अशी, असं मी मनाशी म्हणालो. मी स्टूलवर बसलो आणि त्या मशीनने मरावं म्हणून वाट बघितली. सांगायला लाज वाटते, पण सासूबाईंच्या कॉम्प्युटरसमोर सेतू जसा बसला होता तसाच मीही बसलो होतो.

चाळिसाव्या मिनिटाला मशीन बंद पडलं.

मी लगेच लिहून दिलं: ‘पूर्ण भाराखाली चाळीस मिनिटांत बंद पडले.’ खाली सही आणि दुकानाचा शिक्का. एकही शब्द खोटा नव्हता. एसीचा, झडपेचा, भिंतीचा उल्लेख नव्हता एवढंच. ज्ञानशेखरनने दोन्ही हातांनी कागद घेतला. चार दिवसांनी शाळेने सेतूला नको म्हणून कळवलं आणि आठवड्याने अक्काने मला दर विचारले, नमुन्याचं एक मशीन बांधून ठेवा म्हणाली. त्या रात्री मी चवीने जेवलो, हेही लिहून ठेवतो.

दीपावलीला नेहमीप्रमाणे आम्ही सगळे ओरत्तनाडूला जमलो. पहाटेची तेल-आंघोळ झाली, सासूबाईंनी तळहातावर लेह्याची, म्हणजे दीपावलीच्या औषधी पाकाची, गोळी ठेवली. मोठा जावई म्हणून पहिली मला. मग सेतू आणि मी मागच्या पडवीत बसलो. तो बारीक झाला होता.

‘‘भावजी, एक विचारूं?’’ तो म्हणाला. ‘‘ज्ञानशेखरनच्या मशीनला कुठली टेस्ट लावलांत?’’

मी सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं.

‘‘दोन्ही एकदम? झडप लावून?’’

‘‘हो.’’

‘‘एसी?’’

‘‘बंद होता,’’ मी म्हणालो. का कोण जाणे, त्याच्याशी खोटं बोलता आलं नाही. ‘‘भिंतीला टेकवलं होतं.’’

मला वाटलं आता हा उठेल, आवाज चढवील, आणि मग मलाही भांडता येईल. तो बोटांवर काहीतरी मोजत होता. ‘‘आणि चाळीस मिनिटं टिकलं?’’ त्याचा चेहरा चक्क उजळला. ‘‘मला वाटलं वीस टिकलं तर खूप. चांगलंच बांधलंय की मग.’’ थोड्या वेळाने म्हणाला, ‘‘बंद पडत होतं ते यूपीएसनं, भावजी. जुना होता, बॅटरी गेलेली. मी तेथें जाऊन बदलून दिलों. पण तोवर अक्काच्या हातात कागद गेलता.’’

ज्ञानशेखरनच्या स्टुडिओतला तो यूपीएस माझ्या दुकानातला होता. त्यावर माझं स्टिकर होतं, हाताएवढं. सेतूने ते पाहिलं नसेल हे शक्यच नाही. त्याने नाव काढलं नाही आणि आत जेवायला गेला.

मला त्याचा त्याही क्षणी राग आला. भांडला असता तर बरं झालं असतं. मनाचा मोठेपणाही याच्याचकडे असावा, हे मला सहन होईना.

तंजावुरात परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी शाळेसाठी बांधलेलं नमुन्याचं मशीन घेतलं. झडप लावली, एसी बंद केला, पेटी भिंतीला टेकवली, तेच सॉफ्टवेअर लावलं. अकराव्या मिनिटाला ते गेलं. मला वाटलं तार सैल असेल. परत लावलं. तेव्हा दहाव्या मिनिटालाच.

शहाण्या माणसाने त्याच दिवशी पापनाशमची बस धरली असती. मी बारा दिवस घालवले. रोज सकाळी जायचं ठरवायचो आणि रोज काहीतरी काम निघायचं. शेवटी गेलो. अक्का शाळेच्या ऑफिसात होत्या, पुढ्यात फायलींचा ढीग. मी उभ्याउभ्याच सांगितलं की माझं मशीन त्याच कसोटीत अकरा मिनिटांत बंद पडतं, सेतूचं चाळीस टिकलं, काम त्याला द्या.

त्यांनी चष्मा काढला. ‘‘काम त्रिचीच्या दुकानाला देऊन झालं, सर. मागच्या आठवड्यात.’’

‘‘पण तुम्ही मला दर विचारले होते.’’

‘‘विचारले होते. मग कळलं की तुम्ही दोघं सगलै आहात.’’ सगलै म्हणजे साडू. ‘‘माझ्या घरातही दोन जावई आहेत. तो कागद मी पुन्हा वाचला आणि म्हटलं, या भानगडीत शाळेला कशाला घाला.’’ मग त्यांनी माझ्यासाठी ताक मागवलं. ते मला सगळं प्यावं लागलं.

पोंगलनंतर सेतूने दुकान बंद केलं. चेन्नईच्या कंपनीने त्याला परत घेतलं. मी पापनाशमला गेलो होतो हे मी त्याला सांगितलं नाही, कारण मग बारा दिवसांचंही सांगावं लागलं असतं. निघायच्या आदल्या दिवशी तो माझ्या दुकानात आला आणि एक वही टेबलावर ठेवली. ‘‘मला आता कसाला? तुम्हांला होईल,’’ म्हणाला. वहीत त्याच्या बारीक तमिळ अक्षरात एकेका गिऱ्हाइकाचं पान होतं: काम काय, मशीन कुठे, खोली केव्हा तापते, म्हणून कसोटी कुठली आणि किती वेळ. ज्ञानशेखरनच्या पानावर लिहिलं होतं: ‘त्याच्याच लग्नाच्या व्हिडिओवर, त्याच्याच स्टुडिओत, चार तास. पास.’

नंतरची तीन वर्षं मी त्या वहीवर धंदा केला. एसीची खोली मोडली, स्टिकर छापणं सोडलं. गिऱ्हाइकांना पाव तास प्रश्न विचारू लागलो, मशीन घेऊन त्यांच्या घरी जाऊ लागलो. माझी मशीनं परत येईनाशी झाली. लोक म्हणायचे, ‘‘अण्णा, तुमच्यासारखं तपासून देणारा गावात दुसरा नाही.’’ मी म्हणायचो, ‘‘अनुभव आहे, अप्पा.’’ एकदाही सेतूचं नाव घेतलं नाही. आणि तरी, इतकं सगळं त्याचंच घेऊन, चेन्नईला त्याला बढती मिळाली असं चंद्राने सांगितलं तेव्हा माझ्या पोटात दुखलंच. वय झालं की हे जातं म्हणतात. माझं अजून गेलेलं नाही.

आमच्या घरी सगळे मराठी बोलतात, पण वाचतात तमिळ. देवनागरी येते ती एकट्या मला, तरुणपणी चार वर्षं पुण्यात नोकरी केली म्हणून. त्यामुळे दिवाळी अंक आला की दीपावलीला जेवणं झाल्यावर सगळे मला उंजळीवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसवतात आणि माझा लेख वाचायला लावतात. गेल्या वर्षीच्या लेखात मी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन तपासायची ‘माझी’ पद्धत रंगवून सांगितली होती. सेतू समोर चटईवर बसला होता, म्हणून वाचताना तेवढा भाग गाळला. कुणाला कळणार होतं?

हा लेख लिहायला घेतला तेव्हाही मनात तोच हिशेब होता की लिहून मोकळं व्हायचं आणि वाचताना गाळायचं. परवा सेतूचा फोन आला. दीपावलीला येतोय म्हणाला, आणि मग विचारलं, ‘‘ह्या खेपेला कसाविषयी लिहिलांत, भावजी?’’

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘तुझ्याविषयी.’’



‘‘सरि,’’ म्हणजे बरं, तो म्हणाला. ‘‘मग सगळं वाचा. गेल्या वर्षी दोन पानं एकदम उलटलांत तुम्ही. मी बघत होतों.’’